मथुरेच्या पुढे

नोएडातल्या त्या गल्लीत कारखानिसांचं घर विचारलं, तर लोक सांगायचे, वो तिरपालवाली गाड़ी जहाँ खड़ी है. नावाने फारसं कुणी ओळखत नसे. पोर्चमध्ये विटांच्या थप्प्यांवर एक गाडी बरीच वर्षं ताडपत्री पांघरून उभी होती, तीच घराची खूण.

गाडी फियाट. गुणवंतराव कारखानीस सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला असताना, परीक्षित लहान असताना घेतलेली. तेव्हा ते दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहत. सकाळी पोराला पहाडगंजच्या मराठी शाळेत सोडायचं, तिथून वर्कशॉप गाठायचं. रविवारी कुमुदबाई पुढच्या सीटवर, पोरगा मध्ये, आणि मागे कुणी ना कुणी महाराष्ट्रातून आलेला पाहुणा, दिल्ली बघायला. पुढे गुणवंतराव फोरमन झाले, निवृत्त झाले, नोएडात घर बांधलं. नव्या गाड्या आल्या. मग एवढ्या जुन्या गाड्या या भागात रस्त्यावर आणायच्या नाहीत असा नियम आला आणि फियाट विटांवर चढली. भंगारवाला दर दिवाळीला विचारून जाई. गुणवंतराव त्याला पाणी देत आणि वाटेला लावत.

साथीच्या वर्षी कुमुदबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं. बंद खोली, बंद काचा, तोंडं झाकलेली माणसं. त्या जगल्या, पण येताना दोन दुखणी घेऊन आल्या. एक फुप्फुसाचं. ते अर्धंच काम करू लागलं. दुसरं कुठल्या तपासणीत दिसत नव्हतं. बंद काचेच्या आत बसलं की त्यांचा जीव घाबरा होई. घरातली त्यांच्या खोलीची खिडकी भर जानेवारीतही उघडी असे. बाई दोन शाली पांघरून बसत, पण खिडकी लावू देत नसत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिवाळ्यात यांना दिल्लीच्या हवेत ठेवू नका, दसरा-दिवाळीच्या सुमाराला बाहेर न्या, होळीला परत आणा. न्यायला जागा होती. कुमुदबाईंची धाकटी बहीण प्रभा दापोलीला राहत होती. ती फोनवर पुन्हा पुन्हा सांगे, मागची खोली तुझीच, तिला तीन बाजूंनी खिडक्या आहेत. प्रश्न तिथे पोचायचा होता.

आदल्या साली रेल्वेने निघाले होते. एसी डब्याची काच उघडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण साध्या डब्यातली धूळ त्या फुप्फुसाला सोसली नसती. निभेल असं वाटलं. फरिदाबाद गेलं तोवर कुमुदबाई नुसत्या गप्प होत्या. पुढे त्यांनी काचेवर हात ठेवला, मग काच ठोठावायला लागल्या, मग दोन्ही मुठींनी बडवायला. लोक गोळा झाले. कुणी पाणी दिलं, कुणी चेन ओढू म्हणालं. मथुरेला गुणवंतरावांनी त्यांना हाताला धरून उतरवलं. सामान मागून एका सहप्रवाशाने दिलं. फलाटावरच्या बाकावर बसून कुमुदबाई ओशाळून म्हणाल्या, "एवढ्या लोकांत तुमची शोभा केली मी." टॅक्सी करून परत आले, तर उघड्या खिडकीचा वारा थेट तोंडावर येऊन त्यांना श्वास घेता येईना, आणि काच वर केली की पुन्हा तेच. तो हिवाळा नोएडातच गेला, निम्मा दवाखान्यात.

चैत्रात एका संध्याकाळी कुमुदबाई कैरी चिरत बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आपल्या फियाटमध्ये मात्र मला कधी गुदमरलं नाही. ती पुढची त्रिकोणी काच तिरकी केली की वारा नुसता गालाला लागून जायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर गुणवंतराव बाहेर गेले आणि त्यांनी गाडीवरची ताडपत्री काढली.

जुनं इंजिन जाम झालं होतं. ते उघडून पुन्हा उभं करणं गुणवंतरावांना अवघड नव्हतं. तसली कितीतरी त्यांनी डोळे मिटून जोडली असतील. पण एवढा लांबचा पल्ला, पुढे घाट, आणि शेजारी आजारी माणूस. वाटेत गाडीने दगा दिला तर? म्हणून त्यांनी ठरवलं की अंग जुनं ठेवायचं, काळीज नवं बसवायचं. मारुतीच्या एका ठोकलेल्या व्हॅनचं इंजिन गिअरबॉक्ससकट मिळालं. इंजिन लांबीत बसणारं, ओढ मागच्या चाकांना, म्हणजे फियाटला चालण्यासारखं. इंजिन बदलायची परवानगी आणि गाडी बाहेरच्या जिल्ह्यात न्यायचा कागद यांसाठी त्यांनी किती उंबरे झिजवले ते इथे सांगत बसत नाही. कागद झाले एवढं खरं.

परीक्षित मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता, राहायलाही तिकडेच. दर रविवारी येई. त्याने आधी विरोध केला. म्हणाला, माझ्या गाडीतून जाऊ, काचा थोड्या थोड्या खाली ठेवू, दर तासाला थांबू, चार मुक्काम करू. गुणवंतरावांनी कानावर घेतलं नाही.

"बाबा, खरं सांगा," तो एकदा पाना पुसता पुसता म्हणाला. "आई निमित्त आहे ना? यार, तुम्हाला ही गाडीच हवी होती."

"तुझ्या आईला विचार."

"आईला काय विचारू? ती तुम्हाला कधी नाही म्हणालीये?"

गुणवंतरावांना ते लागलं. तो रविवार दोघे कामापुरतेच बोलले. पण पुढच्या रविवारी परीक्षित नव्या इंजिनाच्या संगणकाच्या वायरी जोडायला आला, कारण ते काम बापाला येणार नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

उन्हाळा-पावसाळा काम चाललं. पोर्चच्या तुळईला साखळीची कप्पी बांधून जुनं इंजिन उचललं. नव्याला बसायला जागा कापली, टेकू वेल्डिंग करून घेतले, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा लेथवर आखूड करून आणला. जुन्या फियाटचा गिअर स्टीअरिंगपाशी. नव्याचा खालून, गाडीच्या तळातून वर येणारा. त्यासाठी तळाला भोक पाडावं लागलं आणि पुढचं सलग सीट मधोमध कापावं लागलं.

कुमुदबाईंच्या खोलीची खिडकी पोर्चमध्येच उघडायची. जाळीच्या आत त्यांची खुर्ची, जाळीच्या बाहेर गाडी. त्या तिथे बसून सगळं बघत. सीट कापलेलं पाहून म्हणाल्या, "इतकी वर्षं आपल्या दोघांत काही नव्हतं. आता ही लोखंडाची सवत आणलीत."

"तिचा हात धरल्याशिवाय गाडी हलायची नाही."

"धरा. दापोलीपर्यंत मी काही बोलत नाही."

आणि गुणवंतराव शीळ घालायला लागले. वर्कशॉपमध्ये त्यांची शीळ प्रसिद्ध होती. साहेब लोक म्हणत, कारखानीसची शीळ थांबली की समजावं गाडीत काही तरी मोठं निघालं. निवृत्त झाल्यापासून ती बंद होती. बायको आजारी पडल्यावर तर माणूस घरात पाय वाजू न देता चालायला शिकला होता. आता सकाळपासून पोर्चमधून पान्यांचा आवाज आणि त्यावर ती जुनी धून. कुमुदबाई विणकाम मांडीवर टाकून ऐकत बसत.

पावसाळा सरला तशी समोरच्या रस्त्याची खोदाई सुरू झाली. ट्रक माती आणू लागले. शेजाऱ्यांनीही गुणवंतरावांच्या कामाच्या आवाजाबद्दल दोनदा गोड शब्दांत सांगून पाहिलं. गुणवंतरावांनी जाड निळी ताडपत्री आणली आणि पोर्चच्या उघड्या बाजूंना वरपासून खालपर्यंत ताणून बांधली. खाली विटा ठेवल्या, फट राहू दिली नाही. आत येऊन जाळीपाशी उभे राहिले आणि समाधानाने म्हणाले, "आता रस्त्यावरचा कणसुद्धा तुझ्यापर्यंत येणार नाही."

कुमुदबाई म्हणाल्या, "बरं केलंत."

त्या ताडपत्रीच्या आत गुणवंतरावांनी दारांचा गंज घासला. ग्राइंडर चालवला. घासलेल्या पत्र्यावर लाल प्रायमरचा फवारा मारला, वाळला की पुन्हा घासला, पुन्हा मारला. थिनरमध्ये भिजवलेल्या चिंध्या डब्यात साठत गेल्या. इंजिनाला सायलेन्सरपासून एक नळी लावून तिचं तोंड ताडपत्रीखालून बाहेर काढलं होतं. तेवढी काळजी घेतली की झालं, असं त्यांना वाटलं. सबंध आयुष्य त्या वासात गेलेला माणूस. त्यांच्या नाकाला तो वास म्हणजे वासच नव्हता. इतर माणसांना स्वयंपाकघराचा येतो तसा, घरचा.

दसऱ्याला इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. परीक्षितने चावी फिरवली, नवं काळीज एकदा चाचरलं आणि मग शिवणयंत्रासारखं सुरळीत चालू लागलं. कुमुदबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन बाहेर आल्या. बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं, झेंडूची माळ घातली. चाकाखाली लिंबू ठेवायला वाकल्या आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेना. परीक्षितने त्यांना आत नेऊन बसवलं.

"सीझन सुरू झाला," गुणवंतराव म्हणाले. सगळेच तसं म्हणत होते. फोनवर हवेचे आकडे रोज वाढत होते, शेजारच्या घरातली पोरं खोकत होती. त्यात वेगळं वाटावं असं काही नव्हतं.

म्हणजे घाई करायला हवी होती. आतली रबरं, ब्रेकच्या नळ्या, एक शेवटचा हात प्रायमरचा, मग रंग. वसुबारसेला निघायचं नक्की झालं. प्रभाने खोली झाडून ठेवली, फोनवरून खिडक्याही दाखवल्या. खोकला वाढला की गुणवंतराव काम वाढवत. दुपारची झोप सोडली. जेवणसुद्धा पोर्चमध्ये उभ्या उभ्याने. इंजिन थंड असताना थरथरत होतं, ते त्यांना खपेना. म्हणून सकाळी बराच वेळ चालू ठेवून कान लावून बसत. जाळीच्या आतून खोकला ऐकू येई. ते मनात म्हणत, थोडं थांब, एवढंच राहिलंय.

निघायला थोडे दिवस उरले असताना, दुपारी रंगाचा पहिला हात मारून ते खिडकीपाशी आले. "कुमुद, बघ तरी," म्हणाले. उत्तर आलं नाही. कुमुदबाई खुर्चीत एका अंगाला कलल्या होत्या आणि ओठांचा रंग बदलला होता.

दवाखान्यात परीक्षित त्यांच्यापाशी थांबला आणि गुणवंतराव कपडे आणायला घरी आले. पिशवी भरली. मग वाटलं, ती परत येईल तेव्हा खोली स्वच्छ असावी. चादर काढली, झटकली. उशीचा अभ्रा काढला. खिडकीची जाळी पुसून घ्यावी म्हणून ओलं फडकं फिरवलं.

फडकं लाल झालं.

त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं. दिल्लीची धूळ त्यांना माहीत होती. ती करडी असते, फार तर मातकट. ही विटकरी लाल होती. त्यांनी अभ्रा उलटा करून पाहिला. शिवणीत, जिथे झटकून निघत नाही तिथे, तोच रंग बसला होता. खुर्चीच्या पाठीवर, विणकामाच्या पांढऱ्या लोकरीवर, पाण्याच्या भांड्याच्या झाकणावर. गेले कितीतरी दिवस त्यांनी पोर्चमध्ये हवेत उडवलेला सगळा लाल प्रायमर, बाहेर जायला वाट नव्हती म्हणून, घरातल्या एकुलत्या एका उघड्या खिडकीतून आत गेला होता. नळीच्या सांध्यांतून सुटलेला धूरही तसाच गेला असणार. धुराचा रंग मागे राहत नाही एवढंच.

ते खाटेच्या कडेवर बसले. मग उठून बाहेर गेले आणि निळ्या ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागले. गाठी त्यांनीच घट्ट मारल्या होत्या, सुटेनात. शेवटी सुरीने कापल्या. समोरचा खोदलेला रस्ता, ट्रक, उन्हातली राखाडी हवा, सगळं एकदम आत आलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की बाहेरची ती बदनाम हवा आतल्यापेक्षा मोकळी आहे.

परीक्षितला त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळं सांगितलं. पोरगा ओरडेल, निदान तोंड फिरवेल, अशी त्यांची तयारी होती.

"मलाही वास यायचा, बाबा," तो म्हणाला. "रविवारी आलो की डोकं दुखायचं. वाटलं, लवकर संपेल ना काम, मग निघतीलच."

कुमुदबाईंना बोलता यायला लागलं तेव्हा गुणवंतरावांनी स्टूल जवळ ओढलं. काय विचारायचं ते त्यांनी जिन्यावर तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं. तरी शब्द उलटसुलट झाले. जाळी, लाल फडकं, अभ्रा.

"तुला कळत होतं?"

त्यांनी मान हलवली.

"मग खिडकी लावायची."

"ती लावता आली असती, तर रेल्वेनेच नसते का गेले?"

"मला सांगायचं होतंस. एक शब्द. मी तिथल्या तिथे थांबलो असतो."

"म्हणून तर," कुमुदबाई म्हणाल्या. थोडा वेळ नुसता श्वास घेतला. "तुम्ही शीळ घालत होतात."

गुणवंतरावांनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"परीक्षितच्या गाडीतूनही मी आले असते," त्या पुन्हा म्हणाल्या. "थांबत थांबत. मी त्या दिवशी कैरी चिरताना नुसती आठवण सांगत होते हो. तुम्ही उठलात आणि गाडीच काढलीत. मग म्हटलं, असू दे. माणूस हसतोय तर हसू दे."

घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या हिवाळ्यात प्रवास नाही. पुढच्या हिवाळ्याचं ते काही बोलले नाहीत. खोलीत ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची घरघर रात्रंदिवस चाले. गाडी पोर्चमध्ये उभी होती, रंगाचा एक हात झालेली, बॉनेटवर दसऱ्याची वाळलेली माळ. परीक्षितने एकदा चावीला हात घातला, तर गुणवंतरावांनी त्याचं मनगट धरलं. एवढंच. त्यानंतर तो त्या चावीकडे गेला नाही.

प्रभा दापोलीहून फोन करी. खोली तशीच ठेवलीये म्हणे. कुमुदबाई म्हणत, ठेव.

मार्गशीर्षात एका रविवारी जरा वारा सुटला होता आणि ऊन स्वच्छ पडलं होतं. कुमुदबाई म्हणाल्या, "मला एकदा बसवा तरी तिच्यात."

परीक्षितने छोटा सिलिंडर भरून आणला. आईला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, सिलिंडर पायाशी, शाल गळ्यापर्यंत. मधल्या गिअरच्या दांड्याकडे बघून त्या म्हणाल्या, "ही कशी आहे?"

"गरीब आहे," गुणवंतराव म्हणाले. "काही बोलत नाही."

त्यांनी त्रिकोणी काच तिरकी केली. तिच्या खटक्यात तेल घातलं होतं, बोटाने सरकली. कुमुदबाईंनी गाल पुढे केला. पण गाडी उभी असताना वारा कुठून लागणार. त्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं.

गुणवंतराव चावी घेऊन उभे होते. ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. गिअर मोकळा केला, दार उघडं ठेवून एक हात स्टीअरिंगवर धरला, खांदा दाराच्या चौकटीला लावला. "परीक्षित, मागे लाग," म्हणाले.

बाप-लेकाने गाडी ढकलत पोर्चबाहेर काढली. गल्लीत चढ नाही, उतार नाही. पण लोखंड जड असतं. सत्तरी उलटलेला माणूस पुढून, चाळिशीतला मागून. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री खाली ठेवली आणि विचारलं, अंकल, सेल्फ नहीं ले रही क्या? परीक्षितने मागूनच नको म्हणून हात हलवला. इस्त्रीवाला आला आणि परीक्षितच्या शेजारी त्यानेही हात लावला. गाडीने थोडा वेग घेतला. काचेच्या तिरक्या कडेवरून वारा आत आला आणि कुमुदबाईंच्या कानामागचे केस हलले. त्यांनी डोळे मिटले.

बागेच्या कुंपणापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "कुठवर आलो?"

गुणवंतरावांना दम लागला होता. शब्द यायला वेळ लागला.

"मथुरा मागे पडली," ते म्हणाले.

"अच्छा," कुमुदबाई म्हणाल्या. दिल्लीत इतकी वर्षं काढून त्यांच्या तोंडी बसलेला शब्द. "मग आता थांबू नका."

बागेला वळसा घालून त्यांनी गाडी परत आणली. गुणवंतरावांनी दोनदा शीळ घालायचा प्रयत्न केला, पण ढकलताना ओठ जुळेनात.

कुमुदबाई पौषात गेल्या, संक्रांतीच्या आधी. यंत्र परत गेलं. प्रभा येऊन राहून गेली. खोलीची खिडकी अजूनही उघडीच असते. ती लावायला कुणाचा हात होत नाही.

गाडी आहे. विकायची नाही आणि न्यायचीही नाही, असं तिचं झालं आहे. परीक्षित म्हणतो, बाबा, नवं इंजिन बंद ठेवलं तर बॅटरी उतरते, अधूनमधून चालू करायला हवं. गुणवंतराव त्याला नाही म्हणत नाहीत. पण आधी गिअर मोकळा करतात, खांदा चौकटीला लावतात, आणि दोघे मिळून गाडी ढकलत गल्लीत, खिडकीपासून पार दूर नेऊन उभी करतात. मग ते खिशातून चावी काढून मुलाच्या हातात देतात.